घराचा रंग आणि घाटाचे कंत्राट

दिवाळी महिन्यावर आली, की आमच्या कर्जत-खालापूरकडच्या घरांतून एक बोलणे हमखास ऐकू येते. "यंदा घर आतून रंगवून घ्यायचे खरे, पण काम द्यायचे कुणाला?" चार महिने सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस अंगावर घेऊन भिंती ओल पितात. आश्विनात ऊन पडले, की त्या ओलीचे डाग वर येतात, कोपऱ्यात बुरशी धरते, जुना रंग फुगून पापुद्रे निघू लागतात. मग कुणी भावकीतल्या माणसाचे नाव सुचवतो, कुणी स्टेशनाजवळच्या मुकादमाचे. तिघे येतात, तीन दर सांगतात, आणि घरधनी बुचकळ्यात पडतो.

मी इतिहास शिकवणारा माणूस. रंगकामातले मला काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण कंत्राटदार निवडण्याची गोष्ट आमच्या या दोन तालुक्यांना नवी नाही. या बाबतीतला एक मोठा धडा इथल्याच डोंगरात, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. तो मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. स्वतःच्या घरी मात्र विसरलो. ती हकिगत आज सांगतो.

आधी आपण घराच्या भिंतीकडे पाहू. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी रंगाचे कंत्राट हा प्रकारच नव्हता. डोंगरातल्या कारवीच्या काठ्या तोडून आणायच्या, त्यांचे कुड उभे करायचे, आणि त्यांवर माती नि शेण यांचा गिलावा द्यायचा, अशी गरिबाची भिंत. तिला आतून सारवण, सणाला पांढरी माती किंवा गेरू. जरा बरी परिस्थिती असली तर चुन्याचा हात. ही सारी कामे घरातल्या बायकांची. आता गंमत पाहा. गावगाड्यातले बारा बलुतेदार आठवा: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी. त्यांत भिंत रंगवणारा कुणी आहे का? नाही. 'रंगारी' हा शब्द जुना आहे, पण तो कापड रंगवणाऱ्याचा. भिंत हे घरचे काम होते, आणि घरच्या कामाला दर नसतो, तशीच त्याची नोंदही नसते.

म्हणून निवड नव्हती असे मात्र नाही. उत्तरेकडे डहाणू-तलासरी भागात वारली लोकांच्या घरी लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो कुणीही काढलेला चालत नाही. त्याला सवाशिणी लागतात. हात चांगला असून भागत नाही, त्या हाताचा त्या घराशी आणि त्या मंगल कार्याशी संबंध असावा लागतो. घराच्या आत कुणाचा हात फिरावा, हा प्रश्न आपल्या लोकांनी केव्हाच हलका मानलेला नव्हता.

थोरामोठ्यांची गोष्ट निराळी. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. पुढे त्याचे महाल चित्रांनी सजले. त्यासाठी दुरून नामांकित चितारी बोलावले गेले. नाना फडणवीसांनी वाईजवळ मेणवलीला वाडा बांधला. त्याच्या भिंतींवरची चित्रे आजही पाहायला मिळतात. याच नानांनी आपल्या खोपोलीला तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ बांधले. अशा कामांवर कारभाऱ्याची नजर असे, आणि पैचा हिशेब दप्तरात जाई.

मग आपल्यासारख्यांच्या घरात कंत्राट आले केव्हा? शब्दच आपल्याला वाट दाखवतो. 'कंत्राट' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. चौल-रेवदंडा, वसई या बाजूला त्यांचा मुक्काम दीर्घ होता. बटाटा, चावी असे कितीतरी शब्द ते मागे ठेवून गेले. 'पगार' हा शब्दही त्यांचाच. कंत्राट आणि पगार हे दोन शब्द एकाच दर्यावरून आपल्याकडे आले, एवढे लक्षात ठेवा. शेवटी मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

आता माझ्या घराची हकिगत. तीन वर्षांपूर्वी वडिलार्जित घर आतून रंगवायचे ठरले. तीन खोल्या, एक पडवी. भिंती जुन्या, त्यांवर चुन्याचे किती थर असतील ते देवालाच ठाऊक. तीन मुकादम बोलावले. पहिल्याने स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीचे काम केले होते. मी ते पाहून आलो, आरशासारख्या भिंती! त्याचा दरही सगळ्यांत कमी. दुसऱ्याने घर नीट न पाहताच आकडा सांगितला. तिसरा वयस्क होता. त्याने प्रत्येक भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहिले, एका कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि विचारले, "सर, पावसात ही भिंत कुठून पाझरते?" त्याचा दर सर्वांत जास्त. मला वाटले, हा उगाच काम वाढवतो आहे. मी पहिल्याला इसार दिला.

चार दिवस काम झपाट्याने झाले. मुकादमाने माल आणायचा म्हणून आणखी पैसे मागितले, मी दिले. मग तो दिसेनासा झाला. वाडीवरची तिघे पोरे मात्र रोज वेळेवर येत आणि मान खाली घालून काम करीत. आठव्या दिवशी सकाळी पाहतो तो तिघेही पडवीत बसलेले, कुंचे कोरडे. मी जरा आवाज चढवूनच विचारले, "का रे, काम का थांबवलंत?" त्यांतला थोरला हळूच म्हणाला, "सर, आठ दिवस झाले, मुकादमानी पैसा दिला नाही. उद्या बाजार आहे. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?"

श्रोतेहो, त्या क्षणी मला बोरघाट आठवला.

१८५३ साली १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, हे शाळेतले प्रत्येक मूल सांगते. ते काम ज्या कंत्राटदारांनी घेतले त्यांत विल्यम फॅव्हिएल हा प्रमुख. काम यशस्वी झाले, नाव झाले. १८५६ च्या मे महिन्यात रस्ता खोपोलीपर्यंत आला, आणि १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये उभा राहिला तो घाट. उतारू खोपोलीला उतरत, घाट पालखीत किंवा घोड्यावर चढत, आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. या घाटात लोहमार्ग घालायचा होता. अंतर सुमारे १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५ आणि मोठे पूल ८. मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कले. कंत्राट दिले गेले फॅव्हिएललाच. का दिले? त्याने पूर्वी काम करून दाखवले होते म्हणून.

पण ठाण्यापर्यंतची सपाट जमीन वेगळी आणि कातळाचा उभा कडा वेगळा. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. कातळ फुटता फुटेना. पावसाचे चार महिने घाटातले काम जवळजवळ बंद पडे. पटकीने माणसे मरत. खर्च वाढत गेला. मोठ्या कंत्राटदाराखाली लहान, लहानाखाली मुकादम, मुकादमाखाली मजूर, अशी उतरंड. वरचा पैसा खाली पोहोचेपर्यंत वाटेत अडकू लागला. मजुरी थकली. अखेर २० जानेवारी १८५९ रोजी घाटात मजुरांचा उद्रेक झाला. आपली थकलेली मजुरी मागणारी माणसे युरोपियन देखरेख्यांवर चालून गेली, मारहाण झाली, एका युरोपियनाचा जीव गेला. दोन महिन्यांत, मार्चमध्ये, फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे लवकर मिटावेत म्हणून सरकारला कायदा करावा लागला. त्या कायद्याने मजुराला वेळेवर पैसे मिळण्याची वाट दाखवली, पण काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचा धाकही घातला. हे दुसरे अंगही आपण विसरू नये.

नंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला. तो इथे पाय ठेवल्यावर काही दिवसांतच, १८५९ च्या नोव्हेंबरात, आजारी पडून वारला. आता काम पुन्हा अडणार, असेच कुणालाही वाटले असते. पण त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. तिने दोन जाणते इंजिनिअर नेमले, त्यांच्याकडे देखरेख दिली आणि नवऱ्याने दिलेला शब्द पुरा केला. १८६१ मध्ये या घाटात एकाच वेळी ४२,००० वर माणसे कामाला होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले ते पाहायला उरले नाहीत. आदल्याच वर्षी ते वारले होते.

गोष्ट इथे संपत नाही. चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, घाटातला मऊकी मळी येथला दगडी पूल कोसळला. चौकशीत काय आढळले? पुलाचे तोंड घडीव दगडाचे, देखणे. पण आत जी भर घातली होती ती निकृष्ट, आणि दगड धरून ठेवणारा चुना कच्चा. वरून पाहणाऱ्याला काहीच कळण्यासारखे नव्हते. चार पावसाळ्यांनी मात्र ते बरोबर ओळखले.

माझ्या पडवीत बसलेल्या त्या तीन पोरांसमोर हे सारे डोळ्यांपुढून गेले. मी फॅव्हिएलची निवड करणाऱ्या कंपनीसारखाच वागलो होतो. नव्या इमारतीच्या सरळ भिंती पाहून मी जुन्या, ओल्या, चुन्याने लदलेल्या भिंतींचे काम दिले. पैसे कुणाच्या हाती गेले आणि कुणाच्या हाती पोहोचले, हे विचारलेच नाही. वर पोरांवर आवाज चढवला. मी त्यांची आठ दिवसांची मजुरी हातोहात दिली आणि झाल्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागितली. मुकादम चार दिवसांनी उगवला. दुसरीकडच्या कामात त्याचे पैसे अडकले होते म्हणे. तो खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. पण त्याची अडचण त्या पोरांच्या चुलीवर का यावी?

आणि पुढच्या श्रावणात पूल कोसळावा तसा माझा रंगही कोसळला. भुसभुशीत चुना न खरवडता त्यावर डिस्टेंपर ओढला होता. भिंतीला रंग धरलाच नव्हता. तो चुन्याला धरला होता, आणि चुना भिंत सोडून निघाला. थोरल्या खोलीतले पापुद्रे सकाळी केरात भरावे लागत.

मग मी त्या वयस्क मुकादमाला बोलावले. तो हसला नाही, 'मी म्हणालो नव्हतो का' असेही म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, "सर, मी रंग नंतर लावतो. आधी भिंत बरी करतो." त्याने आधी कौलांची एक ओळ आणि पागोळीची नाली दुरुस्त करायला लावली, कारण ओलीचे मूळ तिथे होते. भिंती चांगल्या वाळू दिल्या. मग जुना चुना खरवडला, काचकागदाने घासला, भेगांत लांबी भरली, प्रायमरचा हात दिला, आणि त्यानंतर रंगाचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. दर शनिवारी संध्याकाळी माझ्याच पडवीत, माझ्यासमोर, तो माणसांना मजुरी मोजून देई. त्या माणसांत पूर्वीच्या तिघांपैकी दोघे होते.

त्यावरून चार गोष्टी मी शिकलो. शिक्षकबंधूंनी त्या वर्गात सांगाव्यात, घरधन्यांनी घरी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट. कंत्राटदाराने काम केले आहे का, एवढे विचारू नका. आपल्यासारखे काम केले आहे का, हे विचारा. जुन्या घराला जुन्या घराचा नमुना पाहा. आणि तो कालचा नको, निदान एक पावसाळा खाल्लेला असावा. आपल्याकडच्या पावसाइतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

दुसरी गोष्ट. रंगाच्या छटेआधी रंगाखाली काय होणार ते ठरवा. खरवडणे, लांबी, प्रायमर आणि हात किती, हे सारे कागदावर लिहून घ्या. "सगळं करून देतो" या शब्दांवर जाऊ नका. त्यातच एक सावधगिरी सांगतो. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा नवा डबा घेताना त्यावरची ती सूचना वाचा. जुना तेलरंग कोरडा घासू देऊ नका. ओला करून घासा, आणि तोवर मुलांना त्या खोलीबाहेर ठेवा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. उक्ता आकडा ऐकून मान डोलवण्यापूर्वी भिंत स्वतः मोजा. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित घालण्यासारखे आहे. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची ९ फूट. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट. तिला ९ ने गुणले की ३९६ चौरस फूट. त्यातून ७ बाय ३ चे दार आणि ४ बाय ३ ची खिडकी, म्हणजे ३३ चौरस फूट वजा. राहिले ३६३. १०० चौरस फुटांना आपल्याकडे ब्रास म्हणतात, म्हणजे काम साडेतीन ब्रासांहून थोडे जास्त. आता तीन दर तीन तराजूंत न तोलता एकाच तराजूत तोलता येतील. दर नुसत्या मजुरीचा की मालासकट, हेही त्याच वेळी विचारा. सर्वांत कमी दर वाईटच असतो असे नाही. पण तो कमी का आहे, याचे उत्तर मिळाल्याशिवाय इसार देऊ नका. आणि पैसे कामाच्या पुढे धावू देऊ नका: खरवडून झाले की काही, एक हात झाला की काही, आणि थोडे शेवटच्या पाहणीनंतर.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "तुझ्या माणसांना मजुरी कधी देतोस?" हे विचारायला लाजू नका. आपले घर रंगवून घेताना आपण त्या माणसाचे धनी होत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने खरे असेल. पण दिवाळीला आपल्या भिंती उजळाव्यात आणि ज्याने त्या उजळल्या त्याच्या घरी दिवा लागू नये, हे कुठल्या हिशेबात बसते? काम मध्येच अडले, मुकादम आजारी पडला, तर पुढे कोण पाहील, हेही आधीच ठरलेले असावे. ट्रेडवेल वारला तरी घाट पुरा झाला, तो शब्द पुढे चालवणारे माणूस होते म्हणून.

इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांतून कंत्राटदारांची आणि इंजिनिअरांची नावे मिळतात. त्या ४२,००० मधल्या मजुरांची नावे मिळत नाहीत. त्यांतले कितीतरी आपल्याच आजूबाजूच्या गावांतून, कितीतरी दूरच्या मुलखांतून आले असतील. कर्जतहून पुण्याकडे जाताना पळसदरी मागे पडते, गाडी ठाकूरवाडीवरून मंकी हिलकडे चढू लागते, बोगद्यामागून बोगदे येतात. पुढच्या वेळी त्या अंधारातून जाताना क्षणभर त्यांची आठवण ठेवा.

आता त्या दोन शब्दांकडे येतो. कंत्राट आणि पगार. एकाच दर्यावरून आलेले हे दोन पाहुणे आपल्या भाषेत शेजारी शेजारी राहिले आहेत. घाटात त्यांची ताटातूट झाली तेव्हा रक्त सांडले. माझ्या पडवीत झाली तेव्हा तीन माणसांचा बाजार बुडायची वेळ आली. यंदा तुमच्या घरी रंगकाम निघाले, तर या दोघांना एकमेकांपासून दूर जाऊ देऊ नका. भिंत आपोआप चांगली दिसेल असे मी म्हणणार नाही. त्यासाठी आधी ती खरवडावीच लागेल. पण तिच्याकडे पाहताना मान खाली घालावी लागणार नाही.